‘मे’च्या शेजारचा शब्द

"नुसतं ‘मे’ नाही, ‘मे वेल’ लिहिलंय!" मास्तरांनी पत्रावर बोट आपटलं. "म्हणजे बोटीवरची माणसं जिवंत असू शकतील, आणि तशी शक्यता चांगलीच आहे. काही कळल्याशिवाय कंपनी असं लिहील होय?"

आईने डोळे पुसले आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा ताट पुढे ओढलं.

मास्तरांची लेक दारातच उभी होती. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. तिचा धाकटा भाऊ त्या बेपत्ता मालवाहू जहाजावर खलाशी होता, आणि ती त्याच जहाज कंपनीत पत्रं टाइप करायची. एकोणीस घरांना गेलेली एकोणीस पत्रं तिच्याच हातची. साहेबांच्या मसुद्यात ‘असू शकतील’ एवढाच कोरडा ‘मे’ होता. कंपनीचा रिवाजच तो, कशातच अडकायचं नाही. तिला तो एकटा शब्द बघवेना. मास्तरांनी लहानपणापासून तिच्याकडून घोकून घेतलं होतं, की बोलताना आवाजात जीव ओतता येतो, लिहिलेल्या इंग्रजीत ते काम ‘मे’च्या शेजारच्या शब्दाने करायचं असतं. तिने एकोणीसच्या एकोणीस पत्रांत ‘वेल’ घातला. साहेबांनी न वाचता सह्या ठोकल्या. त्यातलं एक पत्र आपल्याच घरी येणार, हे काय तिला कळत नव्हतं? पण अठरा आयांना धीर द्यायचा आणि आपल्या आईला नाही, हे तिच्याच्याने झालं नाही.

आता त्या एका शब्दाच्या जोरावर आई जेवत होती.

"आई, ऐक ना..." लेक दारातूनच म्हणाली.

"असा सुतकी चेहरा करून उभी राहू नकोस बाई," आई म्हणाली. चार घास खाऊन ती उठलीसुद्धा. "वरच्या काकूंना सांगून येते. बिचाऱ्या रोज विचारतात."

ती जिना चढू लागली. मास्तरांनी पत्राची घडी घातली. बत्तीस वर्षं वह्या तपासलेला माणूस. त्यांनी चष्मा काढला.

"तुझे साहेब ‘वेल’ घालणाऱ्यातले नाहीत. तो तू घातलास. पाकीट फोडलं तेव्हाच ओळखलं मी."

"बाबा..."

"तिच्या पोटात अन्न नव्हतं, म्हणून ओरडून वाचलं." वरून आईचं हसणं ऐकू आलं. मास्तरांनी जिन्याकडे पाहिलं. "कामाच्या दिवशी भरदुपारी तू कधी घरी येत नाहीस. ती खाली यायच्या आत सांग, शोध थांबवला ना?"