झुकतं माप

भिवंडीच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर प्रितेश अंदमानला दोन रिसॉर्टांचा पाहुणचार फुकटात झोडून परतला. बोट चुकली त्या दिवशी मात्र तो खिशातले पैसे देऊन, घरातल्या खोल्या भाड्याने देणाऱ्या म्हाताऱ्या रोझीमावशीकडे राहिला. रिसॉर्टं आल्यापासून तिच्या खोल्या रिकाम्याच पडायच्या. पण तिच्या हातचं खेकड्याचं कालवण खाऊन मासे-खेकड्यांवरच वाढलेला हा आगऱ्याचा पोरगाही बोटं चाटत राहिला.

त्याने लेखात तिन्ही जागांचं कौतुक केलं. ऑफिसखालच्या पॉवरलूमच्या खडखडाटावर आवाज चढवत संपादक भोईरसाहेब म्हणाले, "रिसॉर्टचं झकास लिवलंस. पण या म्हातारीचं सगळं काढून टाक."

"का, साहेब?"



"अरे, एवढी तारीफ वाचून लोकांना वाटंल, आपण तिच्याकडून कायतरी घेतलं हाय!"