पाहुण्यांचा उपास

अमरावतीहून आमच्या चर्चचा तरुण संघ मेळघाटातल्या एका कोरकू चर्चमध्ये भक्तीला गेला होता. भक्ती आटोपल्यावर अंगणात पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. कुटकीचा भात, नाल्यातले मासे आणि घागरीतलं गढूळ पाणी बघून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी संघाचा सेक्रेटरी.

"काका, आमचा तं आज उपास हाय," मी म्हणालो.

तिथल्या मंडळीतले वडीलधारे हिरालालकाका कोरकूत काहीतरी बोलले, आणि बायांनी सगळ्या पत्रावळी उचलून नेल्या.

गावाबाहेर येताच सागाच्या सावलीत आम्ही जीप थांबवली आणि घरून आणलेले डबे उघडले. तेवढ्यात सायकल दामटत काका आले. आमचं विसरलेलं गाण्याचं पुस्तक त्यांच्या हातात होतं. माझ्या हातात अर्धी पोळी होती, ती लपवायला वेळच मिळाला नाही.

त्यांनी डब्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"सुटला का उपास? बरं झालं. मंग आता आमीबी सोडतो. तुमच्यासंगं साऱ्या मंडळीनं धरला होता. लेकरायनंबी भाताले हात नाई लावला."