तीनशे बारा तास

"तीनशे बारा तास?" कामगार अधिकाऱ्याने अर्ज उलटसुलट करून पाहिला. "काकू, एका वर्षात एवढा वेळ तर मी घरीही नसतो."

"ते तुमच्या बायकोला विचारा. माझे तास संस्थेच्या वहीत आहेत."

शिलाई विभागातली ही काकू म्हणजे कारखान्यातली मिरची. गेल्या वर्षी बंद पंख्यांवरून तिने अख्ख्या पाळीचं काम थांबवलं होतं. आणि आज तीच आपल्या पायांनी कंपनीच्या योजनेत आली होती. योजना सोपी होती. कामगाराने सुट्टीत एखाद्या संस्थेत समाजसेवा करायची आणि त्याच्या तासांचा मान म्हणून कंपनीने त्या संस्थेला देणगी द्यायची. ही योजना अधिकाऱ्याच्याच डोक्यातून निघाली होती. मालक त्याच्यावर खूश होते.

"करता काय तिथे?"

"लिहायला-वाचायला शिकवते. मोठ्या बायकांना."

खात्री करायला रविवारी तो स्वतः गेला. दवाखान्यामागची एक खोली, जमिनीवर सतरंजी, दहा-अकरा बायका पाटीवर वाकलेल्या. एकीनेही मान वर केली नाही. काकू फळ्यावर जोडाक्षरं काढत होती.

"आधी कमळ, बदक घ्या की," तो दारातूनच हसत म्हणाला.

"यांचं बदकावर भागत नाही, साहेब."

तास खरे होते. सोमवारी त्याने अर्ज मंजूर केला आणि सहीसाठी पुढे सरकवला. काकूने पेन उचललंच नाही.

"देणगी मालकांनी स्वतः द्यायची. दोन्ही पाळ्यांच्या लोकांसमोर, माइकवर. आणि ती घेणार माझी विद्यार्थिनी."

"आणि नाही जमलं तर?"

"तर देणगी तुम्हालाच लखलाभ. माझे तास मी काही बाजारात मांडलेले नाहीत."

तो मनात हसला. नाव मिरची, पण मिरवायची हौस हिलाही सुटलेली नाही! शिलाईतल्या बायकांनाही तसंच वाटलं. "शेवटी झालीस ना मालकाच्या ताटाखालचं मांजर," एकीने तोंडावर ऐकवलं. काकूने सुईत दोरा ओवला आणि शिवण पुढे चालू ठेवली.

कार्यक्रमाला कँटीनमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. मालकांनी भाषणात अधिकाऱ्याचं दोनदा कौतुक केलं. पहिल्या रांगेत बसल्या बसल्या त्याची छाती फुगली. पांढऱ्या केसांच्या एका बाईने पाकीट घेतलं, फोटो निघाले.

"आता या आजी काहीतरी वाचून दाखवतील," काकू म्हणाली.

आजीने पदराआडून घडी घातलेला कागद काढला. एकेका शब्दावर बोट ठेवत ती वाचू लागली.

"मी... रंग... विभागातील... कामगार..."

मालकांनी कौतुकाने टाळी वाजवली. मागून सगळ्यांनी वाजवली.

"...स्व... स्वखुशीने... राजीनामा... देत आहे. माझे... कंपनीकडून... काहीही येणे... बाकी नाही."

टाळ्या थांबल्या. मालकांनी माइककडे हात नेला. काकू मध्ये उभी राहिली.

"खाली अंगठा माझा आहे," आजी आता न वाचता बोलत होती. "असे अकरा जणींचे अकरा कागद आहेत. यात काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर पगारवाढ लिहिली आहे असं सांगितलं होतं."

तिने कागदावरचं बोट उचललं आणि पहिल्या रांगेकडे रोखलं.

"या साहेबांनी."