नूफचा ओठ

नूफ उंटिणीच्या ओठातली जखम उद्या सकाळी कुणाला दिसली, तर हुमूदचं नाक कापलं जाणार होतं. उद्या सुंदर उंटिणींची स्पर्धा. लोंबता ओठ देखणा मानतात, पण तो आत काही भरून मुद्दाम लोंबता केलाय हे कळलं, की उंटीण बाद आणि मालकावर बंदी. वर चुलतभाऊ दह्हाम हसायला टपलेलाच.

टाके घालणारा डॉक्टर म्हणाला होता, "जखम बघायला माझा माणूस पाठवतो." दुपारी वाळू तुडवत एक माणूस तंबूपाशी आला. हातात रिकामा कॅन.

"पाणी मिळेल का? जरा जास्तच लागेल."

जखम धुवायला लागणारच की, असं मनाशी म्हणत हुमूदने आधी कॉफी ओतली.

पडद्याआडून बायको, मौधी, कुजबुजली, "आधी नाव तरी विचारा."

"पाहुण्याला तीन दिवस नाव-गाव विचारायचं नसतं. बापजाद्यांची रीत मोडू?"

"रीत बरी आठवते. ओठ फुगवताना कुठे गेली होती?"

हुमूदने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पाहुण्याला थेट नूफपाशी नेलं.

"बघा बरं. पू वगैरे नाही ना?"

पाहुण्याने एकदा त्याच्याकडे, एकदा उंटिणीकडे पाहिलं आणि कॅन खाली ठेवला. मग त्याने ओठ उलटा केला, दाबला, वास घेतला. हात सराईत होता. नूफने त्याच्या बाहीला लाळ पुसली.

"सूज नाही, पू नाही. टाके आतून घातलेत?"

"आतूनच. बाहेरून दिसले तर काय उपयोग?" हुमूद खुलला. "आणि ओठ भरलाय तोही थोडाथोडा करून. एकदम फुगला तर लोक शंका घेतात."

"व्रण कुठाय?"

"हा काय, घडीत." हुमूदने स्वतः बोट ठेवून दाखवला.

"सुरेख भरलीय जखम. खरं सांगतो, तुम्ही व्रण दाखवला नसता तर मला सापडला नसता."

हुमूदचा जीव भांड्यात पडला. त्याने खजुराचं ताट पुढे सरकवलं, पुन्हा पुन्हा कॉफी ओतली. उद्या दह्हामचं तोंड बघण्यासारखं होणार होतं. शेवटी पाहुण्याने पेला हलवून परत दिला, म्हणजे आता पुरे.

"ते पाणी तेवढं राहिलं."

"पण जखम तर बरी झालीय म्हणालात. आता पाणी कशाला?"

"गाडीला," पाहुणा उठत म्हणाला. "तापून रस्त्यातच बंद पडलीय, आणि संध्याकाळच्या आत मैदानावर पोचायचंय. उद्या उंटिणींचे ओठ तपासायला मीच आहे."