रेडिओवर ठेवलेली टेप

टेप पुन्हा किंचाळू लागली. टीव्हीच्या पडद्याच्या कडेनं निळ्या-पिवळ्या पट्ट्या थरथरल्या आणि मेव्हिसबाई खुर्चीत सावरून बसल्या.

"आता बोलेल?"

"टेपवरून कॉम्प्युटरात गेम चढायला वेळ लागतो हो," ट्रेव्हर म्हणाला. मघाशीही तो हेच म्हणाला होता.

जुना कॉम्प्युटर आणि टेपरेकॉर्डर काखोटीला मारून तो शेफील्डचा हा चढ चढून आला होता. गेम बनवणारी टिन आऊल कंपनी बुडाली तेव्हा तो शाळेत होता, पण तिच्याबद्दल त्याला ठाऊक नाही असं काही नव्हतं. खोक्यावरच्या घुबडाचा एक डोळा मिटलेला का? छापखान्यात ठसा फुटला म्हणून. पहिल्या गेममधला राजा थोटा का? दुसऱ्या हाताला कॉम्प्युटरात जागा उरली नाही म्हणून. चहा निवेपर्यंत त्यानं हे सगळं बाईंना सांगून टाकलं होतं.

"लग्न झालंय का रे तुझं, राजा?"

"झालं होतं."

"तरीच."

मेव्हिसबाईंचा ग्रॅहम वरच्या खोलीत बसून टिन आऊलसाठी गेम लिहायचा. टेपची किंचाळी सुरू झाली की बाई खालून झाडूच्या दांड्यानं छत ठोकायच्या, आणि वरून हाक यायची, "आई, चहा टाक!" तीच हाक त्यानं एका गेमच्या शेवटी भरली. किल्ला सर झाला की ऐकू येईल अशी. कंपनीनं जागा वाचवायला ती कापली, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे मूळ टेप पुसून तिच्यावर दुसराच गेम भरला. हाक उरली ती ग्रॅहमनं घरी ठेवलेल्या या टेपवर. त्याच हिवाळ्यात मोटरसायकल घसरून ग्रॅहम गेला. कॉम्प्युटर कंपनीचा होता, तो त्यांनी परत नेला.

किंचाळी तुटली. पडद्यावर चूक दाखवणारी तीच ओळ उमटली. पुन्हा त्याच जागी.

ट्रेव्हरनं टेप काढून उजेडात धरली. "कुठं ठेवली होती हो ही?"

"कुठं म्हणजे? त्याच्या फोटोपाशी. रेडिओवर, अगदी कर्ण्याला टेकवून. रविवारी प्रार्थनेची गाणी लागतात ना, म्हटलं त्यालाही ऐकू येतील."

ट्रेव्हरनं कोपऱ्यातल्या त्या जुन्या थोराड रेडिओकडे पाहिलं. जाळीच्या कापडामागं कर्णा, आणि कर्ण्याच्या पोटात तळहाताएवढं लोहचुंबक, जवळ ठेवलेल्या टेपवरचं पुसून टाकणारं. फोटोची काच लख्ख पुसलेली होती. टेप ठेवायची त्या जागेवरही धुळीचा कण नव्हता.

एवढं सगळं ठाऊक असलेल्या त्या माणसानं टेप उगाच बाहीला पुसली.

"जुनी झाली टेप," तो म्हणाला. "दुसरं काही नाही."

"पुन्हा लाव."

"मेव्हिसबाई, ती आता..."

"लाव म्हणते ना."

त्यानं टेप मागं नेऊन लावली. कर्कश किंचाळीनं घर भरून गेलं. मेव्हिसबाई खुर्चीच्या हाताला धरून उठल्या, हातातली काठी उलटी केली आणि तिच्या मुठीनं छतावर ठोकलं. एकदा, मग जरा जोरात.

"बंद कर रे मेल्या! कान किटले!"

आणि टीव्हीकडे पाठ करून, मान वर करून, त्या तशाच उभ्या राहिल्या. ट्रेव्हरही छताकडे बघू लागला.