सिलिंडरभर शेवंती

गंधशोषक यंत्राने भिंतींत मुरलेला आधीच्या मालकांच्या मांजरीचा वास पार ओढून सिलिंडरमध्ये भरला आणि वृंदाने नव्या घरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. सिलिंडर फेकायला ती निघाली, तोच त्या मालकांचा, तिरोडकरकाकांचा, फोन आला.

"शेवंती इथे पलंगाखालून निघतच नाही. दुधालाही तोंड लावत नाही. तिची गादी राहिलीय का गं तिकडे?"

"गादी नाही, पण वास आहे. अख्खा! आणतेच."

काकांच्या फ्लॅटमध्ये वृंदाने एका हाताने नाक दाबलं आणि दुसऱ्याने तोटी सोडली.

पलंगाखालून आधी मिशा दिसल्या, मग शेवंती. दाराच्या चौकटीला गाल घासून, शेपटी ताठ करून ती थेट वाटीकडे गेली.

काकांनी छाती भरून श्वास घेतला. "झालं बघ घर!"