सोमवारचं वाक्य

अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या त्या शाळेला रविवारी सुट्टी असते, तशी शाळेतल्या खिचडीलाही. सोमवारी मुलांची बोली सुधारावी म्हणून नव्या बाई प्रत्येकाला उभं करून विचारायच्या, "काल घरी काय जेवलात?"

कुणी खीर सांगितली, कुणी कोंबडी. ठाकरवाडीची येमी उठली.

"आमी काल कायच न्हाई खाल्लं, बाई."

वर्ग खुदकन हसला.

"आमी नव्हे गं, आम्ही. आणि न्हाई नव्हे, नाही," बाईंनी मायेने समजावलं.

येमीने जीभ सावरत तिसऱ्या खेपेला नीट म्हटलं, "आम्ही काल काहीच खाल्लं नाही."

"शाब्बास. टाळ्या वाजवा रे हिच्यासाठी."

 

पुढच्या सोमवारी येमीने तेच वाक्य न चुकता म्हटलं.